हिऱ्यातला कावळ्याचा पाय

टवका उडाला तो गिरणीच्या फाटकावर, आणि गिरणी त्याच्या आधीच बंद झालेली होती. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण आमच्या घरात पुढे हा क्रम चक्क उलटा करण्यात आला आणि तसाच उलटा तो शेजारपाजारी, नातेवाइकांत, सगळीकडे फिरला. आधी गिरणीला कुलूप लागलं. मग कामगार फाटकासमोर धरणं धरून बसले. त्यात माझा नवराही होता, म्हणून मी त्याचा डबा घेऊन गेले. गर्दीत रेटारेटी झाली, तोल सावरायला मी फाटकाच्या लोखंडी गजावर हात टाकला, आणि बोटातली अंगठी त्याच्यावर आपटली. घरी येऊन भांडी घासायला बसले तेव्हा शेजारच्या बोटाला काहीतरी टोचलं. बघते तर हिऱ्याच्या कडेचा बारीकसा टवका गायब.

अंगठी मला माझ्या आत्यानं लग्नात दिलेली. आत्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. तिनं लग्न केलं नव्हतं, आणि का नाही केलं असं कुणी विचारलं तर ती उलट विचारायची, "तू का केलंस?" नोकरी लागल्यावर काही वर्षांनी ती एकटी सराफ्यात गेली आणि स्वतःसाठी हिऱ्याची अंगठी घेऊन आली. दुकानदारानं म्हणे विचारलं, "बहनजी, साथ में कोई नहीं आया?" आत्या म्हणाली, "पैसे आए हैं ना।" ही गोष्ट आमच्या माहेरी इतक्या वेळा सांगितली गेली की मला तो दुकानदार ओळखीचा वाटायला लागला होता.

सासूबाईंना ती अंगठी कधीच आवडली नाही. सासरे गिरणीत कारकून म्हणून इंदूरला आले, नवरा त्याच गिरणीच्या हजेरी ऑफिसात लागला, दोन पिढ्यांची भाकरी गिरणीची. त्या घरात हिरा म्हणजे सेठ लोकांची चीज. शिवाय त्यांचा एक ठरलेला शब्द होता: लाभणे. घर लाभतं, गाय लाभते, सून लाभते किंवा लाभत नाही. "हिरा सगळ्यांना लाभत नाही हो," असं त्या माझ्या बोटाकडे बघून म्हणायच्या, आणि पुढचं वाक्य पोळी लाटता लाटता गिळून टाकायच्या.

टवक्याचं मी लपवलं नाही. संध्याकाळीच सांगितलं.

"खरा हिरा कधी तुटतो का गं?" त्या म्हणाल्या. "घण घातला तर घण फुटेल, हिऱ्याला काय होणार? फसवलंय तुझ्या आत्याला. नाहीतर तिनं आपल्याला."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मला काय वाटेल ते बोला, पण आत्या? दुसऱ्या दिवशी सासूबाईंनाच बरोबर घेऊन मी सराफ्यात गेले. दुकानदारानं डोळ्याला भिंग लावलं, अंगठी फिरवून फिरवून बघितली आणि म्हणाला, "पत्थर तो सोलह आने असली है, भाभीजी। पुरानी कटाई का है। हीरा घिसता नहीं, पर कोने पे ठीक से चोट पड़ जाए तो टूटता है।" मी विजयी मुद्रेनं सासूबाईंकडे बघितलं. तेवढ्यात त्या शहाण्यानं पुढचं बोलून टाकलं: "और अंदर ये एक काला दाग है, तीन उँगली जैसा। देखो माँजी।" त्यानं भिंग सासूबाईंच्या हातात दिलं. त्यांनी एक डोळा मिटायच्या ऐवजी दोन्ही मिटले. तरीसुद्धा म्हणाल्या, "दिसला, दिसला!"

तिथून त्या घरी आल्याच नाहीत. बडा गणपतीच्या मागच्या गल्लीत एक गुरुजी पत्रिका बघायचे, थेट त्यांच्याकडे गेल्या. परत आल्या त्या एक शब्द घेऊन. काकपद. हिऱ्यात तीन बोटांचा काळा डाग म्हणजे कावळ्याचा पाय, आणि असा हिरा ज्या घरात येतो त्या घरातला कर्ता पुरुष घरी बसतो, असं गुरुजींनी सांगितलं. माझा नवरा घरी बसला आहे हे गुरुजींना आधी कुणी सांगितलं असेल, हा प्रश्न मी विचारला. उत्तर मिळालं नाही. उपाय मात्र मिळाला: अंगठी ओंकारेश्वरला नेऊन नर्मदेत सोडायची.

"आई, आधी एक काय ते ठरवा," मी म्हटलं. "काल हा हिरा खोटा होता. आज अपशकुनी आहे. खोटा असेल तर तो काच आहे, काचेत कसला दोष? आणि खरा असेल तर आत्याला आधी काल बोललात ते मागे घ्या."

"जीभ फार चालते तुझी."

"चालतेच. गिरणीसारखी बंद नाही पडली."

हे मी बोलायला नको होतं असं लोक म्हणतील. म्हणोत. पलंगावर बसलेला नवरा उठून बाहेर गेला, सासूबाईंनी देवापुढे जाऊन मोठ्यानं स्तोत्र सुरू केलं, आणि मी कणीक मळत राहिले. कणकेचं त्या दिवशी काही खरं नव्हतं.

त्यानंतर घरात रोज काकपद. दूध नासलं, काकपद. गिरणी पुन्हा सुरू होणार अशी अफवा उठली आणि विरली, काकपद. सगळ्या देशात नवं आर्थिक धोरण आलंय, पेपरात रोज छापून येतंय, गल्लीत केबलची तार आली, शहरातल्या गिरण्यांना एकेक करून कुलपं लागताहेत. माझ्या एका बोटानं एवढं सगळं केलं असेल तर मला दिल्लीला बोलवायला पाहिजे होतं! एक दिवस शेजारची काकू वाटीभर साखर मागायला आली, आणि सासूबाई तिला ओट्यापाशी हळू आवाजात सांगत होत्या, "पांढऱ्या पायाची गं. आल्यापासून बघ." मी आतल्या खोलीत साडीच्या निऱ्या करत होते. तशीच बाहेर आले.

"हिऱ्यात कावळ्याचा काळा पाय आणि माझा पांढरा," मी म्हटलं. "काकू, साखर जरा जास्त घेऊन जा. घरात पाय फार झाले आहेत."

बोलले मी ताठ मानेनं. पण नंतर न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. मला राग आला होता आणि भीतीही वाटत होती. अंगठी नर्मदेत गेली असती तर गोष्ट तिथे संपली नसती. सगळ्यांसमोर ठरून गेलं असतं की दोष होता, तो मी आणला होता, आणि मीच तो कबूल करून पाण्यात टाकला. मग जन्मभर त्या घरात काहीही बिघडलं की बोट माझ्याकडेच वळलं असतं. म्हणून ती अंगठी मला हवीच होती.

नवऱ्यानं मधला रस्ता काढला. तो म्हणाला, "सराफाला सांगून टवका हिरा धरणाऱ्या सोन्याच्या दात्याखाली दाबून घे. कुणाला दिसणार नाही. आणि आईला सांगू की ओंकारेश्वरला सोडून आलो. अंगठी तुझ्या माहेरी ठेव."

"म्हणजे माझीच अंगठी मी चोरायची?"

"अगं, शांतता राहील."

"तुम्ही एकदा तरी आईंना सांगितलंत का की गिरणी मालकानं बंद केली?"

तो चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत म्हणाला, "ती हिऱ्याला बोलते ना, तोवर मला कुणी बोलत नाही. एवढ्या वर्षांचा माणूस, उद्यापासून येऊ नको म्हणाले. लोक विचारतात, तुझं काही चुकलं का? तुला नाही कळणार."

मला कळलं. चांगलं कळलं. त्याचा चेहरा बघून वाईट वाटलं, खोटं नाही सांगत. सासूबाईंचंही कळलं. त्यांना देवाला बोलता येत नव्हतं, मुलाला बोलवत नव्हतं, आणि ज्या गिरणीचं मीठ खाल्लं तिला बोलायला जीभ उचलत नव्हती. उरलं कोण? पण कळलं म्हणून मी खाली मान घालून उभी राहू का? "तुमच्याऐवजी मला बोलतात," मी म्हटलं. "ते चालतं तुम्हाला?"

मी सुदामानगरला आत्याकडे गेले. रिटायर होऊन ती तिथे दोन खोल्यांत राहत होती, कुंड्यांत मिरच्या लावत होती. मी सगळं सांगितलं. काकपद ऐकून ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

"डाग आहे हे मला माहीत होतं," ती म्हणाली. "दुकानदारानं दाखवून दिला होता. म्हणून तर तो हिरा मला परवडला. बिनडागाचा परवडला असता तर तो घेतला असता. हा परवडला, हा घेतला. आणि इतकी वर्षं बोटात घालून मी शाळेत गणित शिकवलं. कावळ्यानं माझं काय केलं?"

"आता टवका उडालाय."

"मग दुरुस्त कर. माझ्याकडे काय विचारायला आलीस? दिली म्हणजे दिली."

दुरुस्त म्हणजे काय ते सराफानं मला सांगितलं. हिऱ्याला पुन्हा पैलू पाडायचे. पण एका कडेचा टवका काढायचा तर नुसती ती कड घासून भागत नाही. मग तो वाकडा दिसेल. चारी बाजूंनी तेवढंच उतरवावं लागतं, तेव्हा तो पुन्हा गोल होतो. म्हणजे हिरा लहान होणार. आमच्याकडचा हिरा जुन्या पद्धतीचा, वर उंच आणि खाली टोक कापलेलं, मधोमध बघितलं तर भोक असल्यासारखं दिसायचं. नव्या पद्धतीनं पैलू पाडले तर ते भोक जाणार, चमक वाढणार. हल्ली टीव्हीवर बघून सगळे तसेच मागतात, असंही तो म्हणाला.

"सुनो भाभीजी," त्यानं कागदावर पेन्सिलनं गोल काढला. "दो तरीके हैं। टवका निकालो, दाग रहने दो, तो पत्थर ठीक-ठाक बचेगा। दाग भी निकालना है तो बहुत छोटा हो जाएगा, दाल के दाने जितना। लेकिन फिर माँजी को कोई तकलीफ नहीं।"

"टवका काढा," मी म्हटलं. "डाग राहू द्या."

"सोच लो। घर में झगड़ा होगा।"

"झगडा तर चालूच आहे भिया."

मी विचार केला होता. टवका ही मोडतोड होती, फाटकावर आपटल्यामुळे झालेली. मोडलं ते दुरुस्त करायचं. डाग हा त्या हिऱ्याचाच होता, जमिनीत होता तेव्हापासूनचा. तो मी कापून टाकला असता तर गुरुजी खरे, सासूबाई खऱ्या, आणि मी सही करून दिल्यासारखं झालं असतं. माझा हिरा अर्धा करून मी त्यांचं म्हणणं खरं का करू? नाही करणार.

सराफानं आणखी एक सांगितलं. काम सुरतेला होणार, अंगडियाच्या, म्हणजे हिरे पोचवणाऱ्या माणसाच्या, हाती पाठवावं लागणार, आणि घासायच्या चाकावर चढवल्यावर हिरा डागापासून फाटू शकतो. फाटला तर दोन तुकडे परत मिळतील, तक्रार चालणार नाही. अंगठी नर्मदेत गेली काय आणि सुरतेत फुटली काय, सासूबाईंना एकच. उलट फुटली तर जास्तच आनंद. पण मी हो म्हटलं. मी गल्लीतल्या मुलांच्या शिकवण्या घेत होते, मजुरी त्यातून देणार होते, कुणाला विचारायचं कारण नव्हतं.

घरी मोकळं बोट घेऊन गेले. सासूबाईंनी लगेच बघितलं. "सोडलीस का?"

"सुरतेला पाठवलीय. घासायला."

"डाग काढायला?"

"घासायला," मी पुन्हा म्हटलं. त्यांना जे समजायचं ते त्या समजल्या. मी खोटं बोलले नाही, आणि पुढे त्यांनी विचारलं नाही.

वाट बघण्याचे ते दिवस फार वाईट गेले. सराफ रोज म्हणायचा, "आज नहीं, कल।" मी वरणात दोनदा मीठ टाकलं. मनात हिरा कधी दोन तुकड्यांत दिसायचा, कधी चार. मोकळ्या बोटावरचा पांढरा वळ सासूबाई रोज बघायच्या, आणि मी मुद्दाम तोच हात पुढे करून त्यांना चहा द्यायची.

त्याच काळात नवरा भंवरकुआँला कॉम्प्युटरच्या क्लासला जायला लागला. हे त्यानं मला विचारून केलं नाही, आईलाही सांगितलं नाही. एक दिवस त्याच्या शर्टाच्या खिशात क्लासचं कार्ड सापडलं तेव्हा मला कळलं. मिसरूड न फुटलेल्या पोरांमध्ये हा पिकलेल्या कानशिलांचा माणूस बसायचा. पोरं म्हणे त्याला आधी सर समजून उभी राहिली होती. दात्याखाली टवका लपवायला निघालेला माणूस तो, पण त्या बाकावर तो उघडपणे जाऊन बसला. मला त्याचा अभिमान वाटला, आणि तो मी त्याला सांगितलाही. तो लाजला. म्हणाला, "एका बोटानंच टाइप करतोय अजून."

हिरा आला. अखंड आला! सराफानं निळ्या कागदाची घडी उलगडली आणि मला आधी वाटलं हा माझा नाहीच. लहान झाला होता, मधलं भोक गेलं होतं, आणि दुकानाच्या ट्यूबलाइटखाली असा काही लखलखत होता की शेजारी बसलेली एक बाई वाकून बघायला लागली. मी भिंग मागून घेतलं. कडेला आत, खाली, तीन बारीक काळी बोटं. नुसत्या डोळ्यांना आता ती मुळीच दिसत नव्हती. मी दुकानात मोठ्यानं हसले.

काही महिन्यांनी नवऱ्याला पीथमपूरला एका कारखान्यात नोकरी लागली. गोदामातला माल कॉम्प्युटरवर चढवायचा. पगार गिरणीपेक्षा कमी, बसचा प्रवास लांबचा, पण सकाळी डबा घेऊन निघताना त्याची मान पुन्हा सरळ दिसायला लागली. आणि घरात चमत्कार झाला. सासूबाई माझ्या बोटाला नमस्कार करायच्या बाकी राहिल्या. येईल त्याला सांगायच्या, "डाग काढून घेतला आणि बघा, नोकरी लागली! आता लाभला."

मी गप्प राहू शकले असते. शिव्या थांबल्या होत्या, घरात हसणं परत आलं होतं. पण प्रत्येक वेळी ते वाक्य ऐकलं की मला तो बाकावरचा माणूस आठवायचा, एका बोटानं टाइप करणारा. आधी गिरणीचं पाप हिऱ्याला दिलं. आता नवऱ्याची मेहनतही हिऱ्यालाच?

चैत्रातलं हळदीकुंकू होतं. गौर पाळण्यात बसवलेली, आंब्याची डाळ, पन्हं, गल्लीतल्या सगळ्या बायका आलेल्या. त्यातल्या पुष्कळ जणींचे नवरे त्याच गिरणीतले, अजून घरीच असलेले. मी करंडा घेऊन एकेकीला हळदीकुंकू लावत होते. सासूबाईंनी माझा हात धरून वर केला आणि सगळ्यांना हिरा दाखवला. "काकपद होतं यात. सुरतेहून काढून आणलं. ग्रहण सुटलं बघा घराचं. तुम्हीही आपापल्या घरात काय आहे ते बघून घ्या गं."

समोर बसलेली एक बाई आपल्या गळ्यातल्या जुन्या पदकाकडे बघायला लागली. तिचा चेहरा मला बघवेना.

"आई, डाग गेलेला नाही," मी म्हटलं. "आहे तिथेच आहे. मीच राहू द्या म्हणून सांगितलं होतं."

पन्ह्याचे पेले हातात धरून बायका तशाच बसल्या.

"काय बोलतेस?"

"नुसता टवका काढलाय. कावळ्याचा पाय आत आहे. सराफाकडे चला, भिंगातून दाखवते. यांना नोकरी लागली ती हा डाग घरात असतानाच लागली. ते रोज क्लासला जायचे, म्हणून लागली."

सासूबाईंनी माझा हात सोडला नव्हता. हिऱ्याकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे. "मग गिरणी?"

"गिरणी मालकानं बंद केली, आई."

"मग इतके दिवस मी शिव्या दिल्या," त्या म्हणाल्या, "त्या कुणाला?"

"मला," मी म्हटलं, हात सोडवून घेतला, आणि पदकवाल्या बाईला हळदीकुंकू लावायला वाकले.